टबाचा नळ बदलला तेव्हा

मी एकदा भरल्या टाकीखालचा नळ पान्ह्याने फिरवून भिंतीतून काढला, आणि काढताना गाणं गुणगुणत होते. आत पाणी नाही याची मला शंभर टक्के खात्री होती. का, तर दुपारचे तीन वाजले होते. तीन वाजता कुठे नळाला पाणी असतं?

हे डोकं डोंबिवलीत घडलेलं. लग्नानंतरची कितीतरी वर्षं आम्ही तिथल्या दोन खोल्यांत काढली. पाणी पहाटे यायचं, तासाभरात जायचं, त्यानंतर नळ म्हणजे भिंतीवरची शोभेची वस्तू. तोटी बदलायची तर दुपारी निवांत बदलायची, एक थेंब सांडत नसे. ते काम मी शिकून घेतलं होतं आणि त्याचा मला भारी तोरा होता. मग नेरूळच्या सोसायटीत फ्लॅट घेतला. गच्चीवर टाकी, चोवीस तास पाणी, सगळं बदललं. फक्त बाईसाहेबांचं डोकं डोंबिवलीच्याच वेळापत्रकावर चालत राहिलं.

फ्लॅट जुना होता. आधीचा मालक जहाजावर नोकरीला, त्यामुळे असेल, बाथरूममध्ये त्याने चक्क बाथटब बसवून घेतला होता. तो पाहिला आणि मी ह्यांना कोपराने ढोसून म्हटलं, "हाच घ्यायचा." स्वयंपाकघर मी नंतर पाहिलं. हसाल तर हसा, पण तोवर आयुष्यात मी निवांत अंघोळ अशी केलीच नव्हती. माहेरी पडदा लावलेली मोरी, सासरीही तीच. दोन तांबे अंगावर घेतले की बाहेरून कुणीतरी ओरडायचं, "आटप!" आता दाराला कडी होती आणि पाय लांब करून बसायला जागा. कामं उरकली की मी दुपारी टबात जाऊन बसायची. कधी पाण्यात, कधी नुसतीच, कोरड्या टबात मासिक घेऊन. चाळिशी उलटलेली बाई कोरड्या टबात बसून पाककृती वाचतेय! आज ती मला दिसली तर मीच तिच्यावर बादली ओतेन.

घरात टबाच्या बाजूने मी एकटी. सासूबाईंनी (त्यांना मी आत्या म्हणायची, साताऱ्याकडची रीत) पहिल्याच दिवशी बाथरूममध्ये डोकावून विचारलं, "आन् म्हशी कुठं हायत?" ह्यांना त्या जागी वॉशिंग मशीन हवं होतं. त्यात टबाचा नळ गळायला लागला. न्हावा शेव्याला कस्टमच्या कागदांशी दिवसभर झटापट करून हे घरी यायचे आणि त्या टपटपीने आणखी तापायचे. शेवटी एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "रविवारी माणूस येतोय. टब फोडून टाकायचा."

"अहो, गळतोय तो नळ. टबाने काय केलंय तुमचं?"

"नळ बदलला की दुसरं काहीतरी निघेल. विषय संपला."

विषय कसला संपतोय! मी हिशेब मांडला: गळणं थांबलं की फोडायला कारणच उरत नाही. हे ऑफिसला गेल्यावर मार्केटमधून नवा नळ आणला, टेफ्लॉन टेप आणली, कपाटावरचा जुना पान्हा काढला. वॉशर-बिशर भोकात जाऊ नये म्हणून टबाला बूचसुद्धा लावलं. केवढी ती दूरदृष्टी! आणि समोर नळ टपटप गळत होता. हे थेंब येतायत कुठून, असा प्रश्न बाईंना पडला नाही. म्हटलं, पाइपात उरलंसुरलं असेल.

तीनचार वेढे दिले, नळ हातात आला. मागोमाग पाणी आलं. खाली टबात नाही हो, सरळ आडवं, समोरच्या भिंतीवर, तिथून माझ्या तोंडावर, तिथून दाराबाहेर. मी तळहात लावला, तर चारी बाजूंनी उडायला लागलं. मी ठणाणा केला, "आत्याऽऽ!"

आत्या गुडघ्यावर हात ठेवत झोपेतून उठून आल्या. दारात उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "काय गं ह्ये? कृष्णा आनलीस का काय घरात?"

"आत पाणी नव्हतं, आत्या! तीन वाजलेत!"

"मग ह्ये काय ताक हाय?"

पण पुढच्या मिनिटाला त्या लाटणं आणि फडकं घेऊन हजर. फडकं गुंडाळून मी लाटण्याचं टोक पाइपात खुपसलं. धार दबली, पण पाणी लाटणं मागे ढकलत होतं. कुणीतरी धरून ठेवायला हवं आणि कुणीतरी गच्चीवरचा कॉक बंद करायला हवा. आत्यांच्या गुडघ्यांना जिने झेपणारे नव्हते. त्यांनी लुगडं वर खोचलं, टबात पाय टाकला आणि म्हणाल्या, "जा तू. मी धरते."

मी ओलीचिंब खाली धावले. वॉचमन खुर्चीत पेंगत होता. त्याला उठवला, किल्ली शोधली, वर गेलो. तिथे कॉकची ही रांग. त्याने पहिला बंद केला तो भलत्याचाच, मग आमचा सापडला. उतरताना वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी फेसाळलेलं डोकं दाराबाहेर काढून विचारलं, "पाणी कोणी बंद केलं?"

मी म्हटलं, "टेन्शन घेऊ नका, मेंटेनन्स चालू आहे." आणि खाली पळाले.

घरात सामसूम. पॅसेजभर पाणी. म्हटलं, आत्या घसरल्या की काय! बाथरूममध्ये बघते तर आत्या टबात बसलेल्या. कमरेएवढं पाणी, लाटणं मांडीवर, डोळे मिटलेले.

"आत्या, लागलं का कुठे?"

"न्हाई."

"मग उठा ना, हात द्या."

"बसू दे गं जरा. गुडघं शेकत्यात."

मी पाण्यात हात घातला. मे महिना, गच्चीवरची टाकी सकाळपासून उन्हात तापलेली. पाणी असं सुखाचं कोमट की मलाच आत उतरावंसं वाटलं.

नवा नळ मी त्यांच्या डोक्यावरून वाकून बसवला. टेप उलटी गुंडाळली, ती सोडवून पुन्हा गुंडाळली. (हल्ली नात म्हणते, "आजी, व्हिडिओ बघायचास ना!" तेव्हा बघायला घरात फक्त आत्या होत्या, आणि त्यांचे डोळे मिटलेले होते.) कॉक उघडून आले. नळ कोरडा ठाक, एक थेंब नाही.

पण त्याचं कौतुक कोण करणार? संध्याकाळी हे आले तेव्हा गॅलरीत पायपुसणी आणि सतरंज्या वाळत होत्या, दाराची चौकट फुगली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रविवारपर्यंत कशाला थांबायचं? उद्याच बोलावतो त्याला." मी चहा टाकायला वळले. टब गेला, असंच धरून चालले.

तेवढ्यात आतून आत्यांनी हाक मारली, "आत ये रं जरा." दार लागलं. मी चहाचा कप घेऊन बाहेर उभी, कान दाराला. एकदा ह्यांचं "पण आई..." ऐकू आलं. मग "बरं."

हे बाहेर आले, माझ्याकडे न बघता कप घेतला आणि गॅलरीत गेले. थोड्या वेळाने आत्या भिंतीला धरत स्वयंपाकघरात आल्या. गॅलरीकडे एकदा नजर टाकून माझ्या कानाशी वाकल्या.

"टब ऱ्हातोय, सांगितलंय मी त्याला. पर उद्यापास्नं दुपारी आदी मी बसनार, मागनं तू. आन् त्याच्याम्होरं बोलू नगंस, तू गच्चीवर गेलीस तवा लाटनं मीच काढलं हुतं. पानी लई ग्वाड लागत हुतं पायाला."