गप्प बसण्याचं प्रॅक्टिकल

पर्यावरण आणि विकास या विषयात एम.ए. करायला मी पन्नाशीच्या तोंडावर प्रवेश घेतला, कारण मला घरात बसवेना. मुलगी शिकायला पुण्याला गेली. रत्नागिरीतला माझा मांडव-लाउडस्पीकरचा धंदा पुतण्याने इतका चोख सांभाळला की मी दुकानात गेलो तरी वायरी गुंडाळायच्या आणि पुन्हा सोडायच्या, एवढंच काम उरलं. शेवटी बायको म्हणाली, "तुम्ही काहीही शिका. पण सकाळी बाहेर पडा."

वर्गातली पोरं मला काका म्हणत. मार्गदर्शक मॅडमसुद्धा काकाच म्हणत, कारण त्या माझ्या धाकट्या बहिणीहूनही लहान. पण पेपर तपासताना त्यांनी कधी नातं पाळलं नाही.

प्रबंधासाठी मी पावसजवळचं माझं गावच निवडलं. गावातून पऱ्या वाहतो, म्हणजे डोंगरातून उतरणारा लहानसा ओढा. भातं कापून झाली की सगळं गाव मिळून दगड, माती आणि पेंढा रचून त्यावर बांध घालतं. अडलेलं पाणी वरची वाडी पंपाने खेचून हापूसच्या कलमांवर फवारणीला वापरते. बांधावरून जे सांडेल, त्यावर खालच्या वाडीतल्या बायका मुळा, माठ, पावटा करतात. हे पाणी लोक वाटून कसं घेतात, हा माझा विषय. पहिली पायरी गटचर्चा. मी म्हटलं, यात काय अवघड? माणसं गोळा करणं आणि बोलणं, जन्मभर दुसरं काय केलं?

घोळ तिथेच झाला. गावात देवाला गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे. शिमग्याला पालखीपुढे उभं राहून मी देवाला साद घालतो, एकेक मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्यावर अख्खं गाव एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतं. गटचर्चेला माणसं जमवली ती देवळाच्या सभामंडपात. समोर तेच चेहरे, मागे तोच गाभारा. मी उभा राहिलो, हात आपोआप जोडले गेले आणि आवाज आपोआप चढला.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां पऱ्याच्या पाण्याचा विचार करायला जमली हायत. हे पाणी सगळ्यांना सारखा मिळता…"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची कोणाबद्दल तक्रार नाय…"

"व्हय म्हाराजा!"

चर्चा काय रंगली म्हणून सांगू! शेवटी मी नारळसुद्धा फोडला.

मॅडमनी रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं. मग कानातले इअरफोन काढून टेबलावर ठेवले.

"काका, ही चर्चा नाही. ही आरती आहे."

"पण मॅडम, एकमत झालं!"

"एवढं एकमत असेल तर तुमच्या गावात प्रश्नच नाही. आणि प्रश्न नसेल तर प्रबंधही नाही. बांध घालायच्या दिवशी मी स्वतः येते. लोक मोकळेपणाने बोलले, तर हा विषय पुढे न्या. नाहीतर नवा विषय आणि पुढचं वर्ष." जरा थांबून त्या म्हणाल्या, "आणि रेकॉर्डर चालू असेपर्यंत तुम्ही तोंड उघडायचं नाही."

हातपाय बांधा, उपाशी ठेवा, काहीही करा. पण गप्प बसायचं? तो सगळा आठवडा मी घरात येरझाऱ्या घातल्या. पंखा लावला, बंद केला. सराव म्हणून जेवताना गप्प राहून पाहिलं, तर बायकोने कपाळाला हात लावून ताप बघितला. वर्ष वाया गेलं तर पुन्हा त्या वायरी. त्या विचाराने मी अर्ध्या ताटावरून उठायचो.

बांधाच्या दिवशी मॅडम पायांत गमबूट घालून पऱ्यात उतरल्या. माणसं दगड काढत होती, बायका चिखलाच्या पाट्या पुढे देत होत्या. मॅडमनी रेकॉर्डर चालू केला, पाटीला हात लावला आणि सहज विचारलं, "बांध दरवर्षी इथेच घालता?"

मी तोंडात सुपारी टाकली आणि दातांखाली घट्ट धरली.

"मग वो," वरच्या वाडीतला माझा चुलतभाऊ म्हणाला. "वाडवडलांची जागा हाय ती."

"वाडवडलांनी पंप नव्हता लावलेला," खालच्या वाडीतली माझी नात्याने लागणारी वहिनी चिखल थापता थापता म्हणाली. "तेव्हा बांधावरना पाणी सांडायचा. आता काय सांडता? तुमच्या बाता."

"गेल्या वर्षी मुळे कोणी विकलेन बाजारात? मी?"

"चार मुळे मोजलेस, माझा करपलेला पावटा नाय दिसला तुला!"

माझ्या जिभेवर पाच तरी मार्मिक वाक्यं नाचत होती. एक तर असं होतं की दोन्ही वाड्या हसत हसत घरी गेल्या असत्या. मॅडमनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी एक मोठा धोंडा उचलला, पलीकडे नेला, आणि कोणी सांगितलं नसताना परत आणला.

शेवटचा दगड बसवायची वेळ आली. गाऱ्हाणं घातल्याशिवाय तो बसत नाही. सगळे हात थांबले आणि सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

"चल रे, घाल," चुलतभाऊ म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. मी साद घातली की गाव व्हय म्हणणार आणि भांडण मिटणार, हे त्याला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. देवाशप्पथ, आवाज गळ्यापर्यंत आला होता. मी मान हलवली, तोंडावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने वहिनीकडे दाखवलं.

"बाईमाणूस गाऱ्हाणा घालनार?" कोणीतरी मागून म्हणालं.

"भावजींची वाचा गेली, त्याला मी काय करू?" वहिनीने चिखलाचे हात पदराला पुसले आणि जोडले. आवाज माझ्यासारखा चढवला नाही. शेजारणीशी बोलावं तशी ती देवाशी बोलली. "बा देवा म्हाराजा, एक दिवस वरच्या वाडीचा पंप चालूदे. एक दिवस बंद र्‍हवूदे. बंद असंल त्या दिवशी पाणी आमच्या मळ्यात येवूदे."

"व्हय म्हाराजा!" खालची वाडी म्हणाली.

वरची वाडी गप्प. आमच्या गावात गाऱ्हाण्यानंतर असं अर्धं व्हय मी कधी ऐकलं नव्हतं. पाणी दगडांतून झिरपत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. मॅडमचे डोळे चमकले. त्यांना हवं ते मिळालं होतं. माझा प्रबंध बुडता बुडता वाचला होता. त्यांनी समाधानाने रेकॉर्डर बंद केला आणि मला विचारलं,

"काका, तुमचं घर कुठल्या वाडीत?"

"वरच्या," मी म्हटलं.

"आणि कलमं?"

"आहेत थोडीशी."

"त्यांना पाणी याच पंपाचं?"

मी मान डोलावली.

"मग तुम्ही का गप्प?"

"तुम्हीच सांगितलं होतं, मॅडम!"

"रेकॉर्डर चालू असेपर्यंत," त्या म्हणाल्या. "आता बंद आहे."

आठवडाभर मी ज्या क्षणासाठी तळमळलो, तो आला होता, आणि मला बोलायचंच नव्हतं. वहिनी हात जोडून तशीच उभी होती. गाऱ्हाणं पुरं झाल्याशिवाय हात खाली घेत नाहीत. चुलतभाऊ डोळ्यांनी मला दटावत होता. आयुष्यभर मी साद घातली होती. उत्तर द्यायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती.

मी सुपारी थुंकली.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. लाउडस्पीकरवाल्याला न शोभेल इतक्या बारीक आवाजात.

"अरे, तू कोणाच्या बाजूचा?" चुलतभाऊ हातातला दगड टाकून ओरडला, आणि मग दोन्ही वाड्या, बाया, बापये, पलीकडच्या काठावर नुसते बघायला आलेले म्हातारे, सगळे एकदम बोलायला लागले. मॅडमनी घाईघाईने रेकॉर्डर पुन्हा चालू केला.