शटरच्या स्प्रिंगचं माप

आमच्या सोसायटीचे चेअरमन माझ्या आत्याबरोबर वीस मिनिटं बंद गॅरेजात होते. याची मुलुंडभर बरीच कारणं फिरली, पण खरं कारण स्प्रिंग होतं.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. आई-बाबा गावी, आणि मी आत्याकडे राहून पार्ल्याच्या एका कॉलेजात फिजिक्सची डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे मुलांना प्रयोग दाखवायचे आणि त्यांनी एकमेकांच्या जर्नलमधून उतरवलेले आकडे गंभीर चेहऱ्याने तपासायचे. आत्या आधी गिरणीत होती. गिरणी बंद पडल्यावर ती दोन दिवस झोपली आणि तिसऱ्या दिवशी उठून तिने आमच्या बिल्डिंगमधलं एक रिकामं गॅरेज भाड्याने घेतलं. मालकाकडे गाडी नव्हती, आत्याकडे मालवणी मसाला होता. सोय झाली.

मिरच्या भाजायला लागल्या की चारही मजले खोकायचे. त्याचीच तक्रार घेऊन चेअरमन एका सकाळी खाली आले. मी कॉलेजला निघाले होते, जिन्याशी उभी राहून ऐकत होते.

"बाई, हे रहिवासी संकुल आहे," चेअरमन गॅरेजात शिरत म्हणाले.

"ठसको लागता तर खिडकी लावा," आत्या म्हणाली. कढईतला झारा काही थांबला नाही.

एवढ्यात वर धाडकन आवाज झाला आणि शटर खडखडत खाली आलं. आत चेअरमन, आत्या आणि अर्धवट भाजलेल्या दोन किलो मिरच्या.

शटर आपण हाताने उचलतो असं आपल्याला वाटतं, पण खरं वजन पेलत असते ती वरच्या पाइपात गुंडाळलेली स्प्रिंग. ती तुटली की पत्रा आपलं खरं वजन दाखवतो. मी एकटीने जोर लावून पाहिला. शटर हललंही नाही, माझी कंबर तेवढी हलली. आतून चेअरमनांची शिंक, खोकला, मग परत शिंक. मधेच आत्याचा आवाज, "स्टो बंद केलंय, आता गप बसा हो." शेवटी पाच जणांनी पहार घालून शटर वर केलं. चेअरमन बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. वरच्या मजल्यावरच्या एका काकूंनी हे दृश्य पाहिलं आणि पुढची जबाबदारी स्वतःकडे घेतली.

संध्याकाळी नोटीस लागली: आठ दिवसांत शटर दुरुस्त झालं नाही तर गॅरेज बंद.

फिटर आला, त्याने पाइप उतरवून स्प्रिंगचे दोन तुकडे जमिनीवर ठेवले. "असलीच नवी साकीनाक्याला बनवून मिळेल," तो म्हणाला. "हे तुकडेच घेऊन जा."

"कशाला? मी माप घेते ना," मी म्हणाले. माप घेणं हा माझा धंदा होता. शिवाय ते ग्रीसने माखलेलं धूड घेऊन बसमध्ये चढायची मला लाज वाटत होती, पण हे बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या लॅबमधला व्हर्नियर पर्समध्ये घालून घरी आणला. त्याला चोरी म्हणायचं नाही, सकाळी परत ठेवला. रॉकेलने गंज पुसून तारेची जाडी तीन ठिकाणी मोजली. खात्री म्हणून दहा वेटोळी एकमेकांना चिकटवून त्यांची लांबी मोजली आणि दहाने भागलं. उत्तर तेच. मला माझं फार कौतुक वाटलं. मग आतला व्यास, बाहेरचा व्यास. दोन्ही तुकडे टोकाला टोक लावून, न ताणता पूर्ण लांबी. शेवटी वेटोळी मोजायला घेतली, तर त्रेपन्नाला आत्याने चहा हवा का विचारलं. परत पहिल्यापासून. या वेळी दर दहाव्या वेटोळ्यावर खडूची खूण केली.

हे सगळं फुलस्केपवर उतरवलं. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. खाली स्प्रिंगची आकृतीही काढली, पट्टीने.

साकीनाक्याच्या कारखानदाराने तो कागद चष्मा लावून वाचला. "मॅडम, फर्स्ट क्लास," तो म्हणाला. "बस एक गोष्ट. पीळ राइट का लेफ्ट?"

"म्हणजे?"

"म्हणजे तार कुठल्या बाजूने चढते? उलटी बनवली तर चावी देताना आवळायच्या ऐवजी उकलते. वाट लागेल."

मी माझ्या आकृतीकडे पाहिलं. पुस्तकात असते तशी नुसती वाकडीतिकडी रेघ. तिला ना उजवं ना डावं. मी डोळे मिटून हवेत बोट फिरवलं. बोट कधी इकडून फिरायचं, कधी तिकडून. शेजारचे दोन कामगार काम थांबवून बघायला लागले.

"राइट," मी ठणकावून म्हणाले. चुकायचंच तर निदान आवाज तरी बरोबर हवा.

दोन दिवसांनी नवी स्प्रिंग आली. झकास, काळी, चकचकीत. फिटरने ती जुन्या तुकड्यांशेजारी ठेवली, डोकं खाजवलं, पण तो काही बोलायच्या आत आत्याच म्हणाली, "पीळ उलटो आसा गो."

"तुला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणाले. लाज वाटली की मी अशीच बोलते.

आत्याने जुना तुकडा उभा धरला. "ह्या बघ. रेघा खंय झुकतत? एसच्या पोटासारख्यो." मग नवी स्प्रिंग उभी धरली. "आणि ह्यो झेडच्या. एस पीळ, झेड पीळ. पंदरा वर्सां गिरणीत सूत गुंडाळलंय मी. उलट्या पिळाचा बॉबिन आला तर जॉबर, आमचो मुकादम, आरडायचो."

खरंच. इतकं सोपं. उभं धरायचं आणि रेघा बघायच्या. माझ्या फुलस्केपवर एवढी जागा उरली होती की त्यात एक एस सहज मावला असता.

"मग मी माप घेत होते तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस खंय? चाय व्हयी काय इचारलंय तर खेकसलंस."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून दोघी साकीनाक्याला गेलो. दोन पिशव्यांत जुने दोन तुकडे, तिसरीत नवी. कंडक्टरने लगेजचं तिकीट काढायला सांगितलं, आत्याने त्याला गिरणीतल्या भाषेत उत्तर दिलं आणि तो पुढे सरकला. कारखान्यात मी दारातच उभी राहिले. आत्याने पहिलं वाक्य टाकलं, "माझ्या भाचीन चुकीचा सांगल्यान." मला बुडवून झाल्यावर तिने जुना तुकडा उभा धरून कारखानदाराला एस दाखवला. तो खुश झाला. त्याचा बापही गिरणीतलाच निघाला. मग अर्धा तास कोण कुठल्या खात्यात होतं यावर गेला, आणि मला कोणी स्टूलसुद्धा दिलं नाही. उलटी स्प्रिंग त्याने ठेवून घेतली, कुठेतरी खपेल म्हणाला.

आठव्या दिवशी फिटरने बरोबर पिळाची स्प्रिंग पाइपात घातली, मोजून फेरे दिले आणि शटर कंबरेएवढं वर नेऊन सोडलं. ते तिथेच थांबलं. ना वर, ना खाली. स्प्रिंग नीट बसल्याची तीच खूण. आत्या वाकून आत गेली आणि तिने स्टो पेटवला. चेअरमन पाहणीला आले, पण फुटपट्टीने मापल्यासारखे चार हात लांब उभे राहिले. संध्याकाळी नोटीस काढून टाकली.

पुढच्या सोमवारी मी वर्गात फळ्यावर एस आणि झेड काढून पिळाची दिशा समजावली. पाऊण तास जीव ओतून शिकवलं. शेवटच्या बाकावरून एकाने हात वर केला.

"मॅडम, हे सिलॅबसमध्ये आहे का?"

"नाही रे," मी म्हणाले. सगळ्यांनी पेनं खाली ठेवली.