नकाशावरची बारकी

ऑफिसात तिला सगळे मोजपट्टी म्हणायचे. पडद्यावरचं बटण केसभर सरकलं तरी तिच्या जिवाला चैन पडत नसे. घरून काम करणाऱ्यांना दिवसापुरतं टेबल किंवा खोली भाड्यानं मिळवून देणारं एक ॲप तिची कंपनी चालवायची. ते नव्यानं मांडायचं काम तिच्याकडे आलं.

मालकांची मागणी एकच होती. "लोक एकेकटे बसून कंटाळतात, मॅडम. कोण कुठं बसलंय ते दिसू दे. ओळखी होतील."

म्हणून तिनं प्रत्येक जागेचा नकाशा केला. टेबल घेतलं की तिथं हिरवा ठिपका उमटायचा आणि शेजारी नाव. नाव टाकून शोधलं की तो माणूस कुठं बसलाय ते कुणालाही दिसायचं. सगळ्यांना आवडला. तिच्या नणंदेनं तर कौतुकानं दोनदा उघडून पाहिला.

नणंदेला घरात बारकी म्हणत. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून ती भावाकडे आली होती. तो दारात येऊन शिव्या देऊन गेला, तेव्हा भावानं घर बदललं. नवा पत्ता कुणालाच दिला नाही. बारकी विमा कंपनीच्या ग्राहकांशी फोनवर बोलायचं काम करायची. दोन खोल्यांच्या घरात तिचे फोन आणि मोजपट्टीचं काम एकत्र मावेना, म्हणून ती वहिनीच्याच ॲपवरून बाहेर टेबल घ्यायची.

एके दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"वहिनी, तो आलाय."

आवाज इतका बारीक होता की मोजपट्टीनं फोन कानाशी दाबून धरला. कोण, हे विचारायची गरज नव्हती.

"कुठंय?"

"माझ्या टेबलासमोर बसलाय. मी पाणी प्यायला उठले होते, काचेतून दिसला. फोनच्या खोलीत शिरलेय. दाराला कडी नाही गं."

"तुला पाहिलं?"

"नसावं. दाराच्या फटीतून दिसतोय. एकदा फोनमध्ये बघतो, एकदा माझ्या खुर्चीकडे. स्वेटर तिथंच राहिलाय. त्याला कसं कळलं, वहिनी?"

मोजपट्टीनं संगणकावर नकाशा उघडला. खिडकीजवळच्या टेबलावर बारकीचा ठिपका होता, शेजारी पूर्ण नाव. समोरच्या खुर्चीवर दुसरा ठिपका. त्याचं नाव तिनं कधी ऐकलेलं नव्हतं; खोट्या नावानं तोच बसला असणार. उत्तर तिच्या समोर होतं आणि ते तिनंच काढलेलं होतं.

"दादाला सांगते. तो पोलिसांना कळवेल. तू हलू नकोस."

नवऱ्याला निरोप टाकून ती पुन्हा नकाशाकडे वळली. तपासणीसाठी कुणाचंही टेबल बदलायची मुभा तिला होती. ठिपका पुसावा, असं आधी मनात आलं. पण मग तो उठेल आणि एकेक दार उघडून बघेल. तिनं बारकीच्या नावानं पुलापलीकडच्या जागेत टेबल घेतलं आणि इथलं सोडलं. घाईत दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं.

"आता तू पुलापलीकडे बसलीयेस. त्याला तसंच दिसेल. बघ काय करतो."

"फोन बघतोय," बारकी कुजबुजली. "उठला. स्वेटर उचलला." मग, "इकडेच येतोय."

लिफ्ट त्या खोलीला लागूनच होती. पावलांचा आवाज मोजपट्टीलाही ऐकू आला. तो दारापाशी थांबला. बारकीचा श्वाससुद्धा ऐकू येईना. मोजपट्टीनं स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला, जणू आवाज तिचाच निघणार होता.

लिफ्टचं दार उघडलं, मिटलं.

"गेला," बारकी म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.

"रडायचं नंतर. मागच्या जिन्यानं उतर. दादा निघालाय."

पुलापलीकडच्या जागेतल्या बाईंना मोजपट्टीनं फोन करून सगळं सांगितलं आणि पोलिसांनाही तिकडेच पाठवलं. पोलीस तिथं पोचले तेव्हा तो रिकाम्या खुर्चीशी उभा होता. बायकोला थंडी वाजेल म्हणून स्वेटर द्यायला आलो, असं म्हणाला. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, दम भरला आणि संध्याकाळी सोडून दिलं.

तोवर मोजपट्टीनं कुणालाही न विचारता सगळी नावं नकाशावरून काढून टाकली होती. मालक भडकले.

"कुणाच्या परवानगीनं?"

"कुणाच्याच नाही, साहेब. माझ्या नणंदेला वाचवायला मी घरात होते. बाकीच्यांच्या घरी कोण आहे, मला माहीत नाही."

नोकरी गेली, असंच तिला वाटलं होतं. पण मालक म्हणाले, "नकोत मग नावं."

बारकी कित्येक दिवस उंबऱ्याबाहेर पडली नाही. स्वयंपाकघराची खिडकी लावून घेऊन, ओट्याशी बसून फोन घ्यायची. दाराची बेल वाजली की फोनवरच्या ग्राहकाला थांबवून श्वास रोखायची. मोजपट्टीही बदलली. ॲपचा नवा पडदा काढला की तिच्या मनात पहिला विचार यायचा, हा त्याच्या हातात पडला तर? मग काढलेलं पुसून पुन्हा काढायची.

त्यानं जवळ येऊ नये असा कोर्टाचा हुकूम मिळाला, तेव्हा बारकी म्हणाली, "उद्या बाहेर बसून बघू का, वहिनी? तू येशील?"

मोजपट्टीनं शेजारशेजारची दोन टेबलं घेतली. तिथं गेल्यावर दोघींनी न बोलता खुर्च्या फिरवून दाराकडे तोंड केलं आणि कामाला लागल्या. दार उघडलं की दोघी एकदमच मान वर करायच्या.