वसूचं राहून गेलेलं व्याख्यान

वसू गेल्याचं तिच्या मुलीने, केतकीने, सकाळी नऊला फोन करून सांगितलं. मी इथल्या मराठी मंडळाची सेक्रेटरी, म्हणून रीतीप्रमाणे अध्यक्षांना, म्हणजे माधुरीताईंना, कळवलं. पाच मिनिटांत ग्रुपवर निरोप आला : ‘मंडळाच्या आधारस्तंभ डॉ. वसुधाताई यांचे दुःखद निधन. कधीही भरून न निघणारी पोकळी.’ त्याखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची ही लांबलचक रांग. आधारस्तंभ! ज्या बाईला सहा वर्षं कुणी दारात उभं केलं नाही, ती मेल्यावर पाच मिनिटांत स्तंभ झाली. किटली उकळून बंद झाली आणि मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच हसले. ते हसू चांगलं नव्हतं. रडू बऱ्याच वेळाने आलं... आणि त्यानंतर जे आलं ते अजून गेलेलं नाही. या पुरवणीत स्मृतिलेख मवाळ लिहायची पद्धत आहे, हे मला ठाऊक आहे. वसूसारख्या बाईवर मवाळ लिहिणं मला जमणार नाही.

वसू नागपूरची. लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलात साथीच्या रोगांच्या वॉर्डात तिने तीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर ती आणि तिचे यजमान अरविंद केतकीजवळ राहायला म्हणून लंडनच्या कडेला, पिनरला आले, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. मी पुण्याची, फिजिओथेरपिस्ट, जरा मोजून बोलणारी. ही फोन उचलल्याबरोबर ‘काय करून राहिली गं?’ असं इतक्या मोठ्याने विचारायची की, माझे यजमान शेजारच्या खोलीतून उत्तर द्यायचे. आठवड्यातून तीनदा आम्ही पार्कात चालायला जायचो. ती पुढे आणि मी मागे, कारण तिला हळू चालणं माहीतच नव्हतं. आजाऱ्याला भेटायला गेलं की ती आधी त्याच्या उशाजवळचा पाण्याचा ग्लास बघायची. भरलेला आहे का, आणि त्याच्या हाताला येतोय का... मग तब्येतीची चौकशी.

अरविंद गेले तेव्हा आम्ही मंडळातले सगळे तेरा दिवस जात होतो. मी मऊ भात आणि मेतकूट घेऊन गेले, माझं नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यात. लग्नात आईने दिलेला तो डबा. पुढे जानेवारी आला. आमचं संक्रांतीचं हळदीकुंकू दरवर्षी इथल्या चर्चच्या हॉलमध्ये होतं, कारण तो स्वस्तात मिळतो आणि पार्किंग आहे. कुणाला बोलवायचं त्याची यादी सेक्रेटरी करते. माधुरीताई फोनवर म्हणाल्या, “नलिनी, वसुधाचं नाव राहू दे हं या वर्षी. तिला उगाच ऑक्वर्ड वाटेल. आपण सेन्सिटिव्ह असायला हवं ना!” मी “हो ताई” म्हटलं आणि नाव काढलं. पुढच्या वर्षी ते काढावं लागलं नाही, कारण जुन्या यादीवरूनच नवी केली. कुणी दुष्टपणा केला नाही. सगळ्यांनी तिच्या मनाचा विचार केला, फक्त तिला विचारलं नाही. आमच्यासारखी शिकलेली, सुसंस्कृत माणसंच असलं काहीतरी करू जाणे.

त्याच फेब्रुवारीत वसू बर्फावरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ग्रुपवर ‘गेट वेल सून’ लिहिलेल्या गुलाबांचा वर्षाव झाला. तिच्या शेजारी मार्जरी नावाची सत्तरीची बाई राहते, चर्चमध्ये जाणारी. तिने गुलाब पाठवले नाहीत. तिने रोटा लावला, चर्चमधल्या बायकांच्या पाळ्यांचा. दीड महिना रोज कुणीतरी दुपारी यायचं, सूप किंवा एखादं कॅसरोल आणायचं, डिश ओव्हनमध्ये ठेवायचं आणि जाताना कचऱ्याचा डबा बाहेर काढून जायचं. मी त्या दीड महिन्यात दोनदा गेले. मला स्लाऊला नातीला सांभाळायला जावं लागायचं. हे कारण खरं होतं आणि पुरेसं नव्हतं.

“या बायका येतात कशाला, सांग ना!” वसूने मला दुसऱ्या भेटीत विचारलं. “मी विचारलं मार्जरीला, तुला मला कन्व्हर्ट करायचंय का? तर ती म्हणे, डार्लिंग, मला तुझी बिन बाहेर काढायचीय.” आणि ती इतकी हसली की, तिचं हाड दुखलं. पण वॉर्डातल्या डॉक्टरणीचं डोकं ते, लक्षण दिसलं की कारण शोधल्याशिवाय गप्प बसणार नाही. कुबडीवर चालायला लागल्यावर तिने लायब्ररी गाठली, प्राचीन इतिहासाचा संध्याकाळचा क्लास लावला. पॅलेस्टाइनच्या कोपऱ्यातला, कोळी-सुतारांचा एक लहानसा पंथ. त्याच्या गुरूला गुन्हेगारासारखं खिळे ठोकून मारलेलं. तो सगळ्या रोमन साम्राज्यात पसरतो कसा? हा प्रश्न तिने धरला तो धरलाच. पार्कात चालताना मी नातीचं सांगायला लागले की ही मला रोममधल्या गुलामांचं सांगायची. मला खरं तर कंटाळा यायचा... हेही इथे लिहून ठेवते.

त्यानंतरच्या संक्रांतीची गोष्ट. हॉलमध्ये आमचं हळदीकुंकू चाललेलं, पैठण्या, अत्तर, वाण म्हणून प्लास्टिकच्या बरण्या. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये वाढायची खिडकी आहे, वरून खाली ओढायचं शटर असलेली. चर्चचा म्हाताऱ्यांच्या जेवणाचा कार्यक्रम नुकताच संपला होता, आणि आत भांडी घासत, एप्रन बांधून, वसू उभी होती. मार्जरीच्या शेजारी. तिने वर पाहिलं. माझ्या हातात करंडा होता. ती हसली, साबणाचा हात वर करून ‘काय करून राहिली?’ असं विचारल्यासारखी मान हलवली. मी एक पाऊल टाकलंसुद्धा होतं. तेवढ्यात माधुरीताई पुढे झाल्या आणि त्यांनी शटर खाली ओढलं. “तिला बघून वाईट वाटेल गं,” त्या म्हणाल्या. शटरच्या आवाजाने दोघीतिघींनी मागे वळून पाहिलं, मग पुन्हा उखाणे सुरू झाले. मी करंडा घेऊन पुढच्या बाईकडे वळले.

आठवड्याभरात ‘वसुधा बाटली’ ही बातमी पिनरपासून लीड्सपर्यंत पोचली. तिच्या कानावर गेलं तेव्हा तिला राग आला नाही. ती म्हणाली, “बघ, असंच पसरतं. शेजारणीकडून शेजारणीकडे. फक्त त्या पहिल्या ख्रिस्त्यांकडे बातमीबरोबर सूपही जायचं.” तिच्या देव्हाऱ्यात गणपती होता, शेवटपर्यंत होता. तिने मंडळाला कळवलं, मासिक व्याख्यानात मला या विषयावर बोलायचंय, रोमन जगात लोक ख्रिस्ती का झाले. कार्यकारिणीने ‘सध्या योग्य वेळ नाही’ असं ठरवलं. ते पत्र मी टाइप केलं. खाली सही माझी.

या फेब्रुवारीत पोटाचा कर्करोग निघाला. ऑक्टोबरमध्ये मी तिला हॉस्पिटलात शेवटची भेटले. उशाजवळचा पाण्याचा ग्लास रिकामा होता. मी तो भरला, तशी ती पुटपुटली, “शिकली एकदाची.” मग तिने खणातून कागदांची चळत काढायला लावली, हाताने लिहिलेली. “आपल्या माणसांसमोर एकदा वाचायचं होतं गं, नलू. चर्चवाल्यांना वाचून काय उपयोग, त्यांना माहितीच आहे. तू तरी वाच.” मी कागद पर्समध्ये ठेवले. घरी येऊन त्याच संध्याकाळी वाचले.

आधारस्तंभाची शोकसभा त्याच हॉलमध्ये ठरली. फोटो, हार, समई. प्रत्येक वक्त्याला पाच मिनिटं. आमच्याकडे रीत अशी की, शोकसभेत मध्ये कुणी बोलत नाही आणि शेवटची दोन मिनिटांची शांतता झाल्याशिवाय कुणी उठत नाही. या रीतीवर माझा पहिल्यापासून डोळा होता. माझं नाव पुकारल्यावर मी माइककडे न जाता आधी वाढायच्या खिडकीकडे गेले आणि शटर वर ढकललं. आत मार्जरी आणि तिच्या तीन मैत्रिणी, काळे कोट घालून, सगळ्यांसाठी चहाचे कप मांडत होत्या. केतकीने त्यांना बोलावलं होतं, आणि कुणीतरी त्यांना आत बसवलं होतं. मी म्हटलं, “आता वसूचं व्याख्यान होईल.”

पाऊण तास वाचलं. वसूने लिहिलं होतं की रोमन शहरात साथ आली, की ज्यांना गाव सोडता येई ते सोडत, वैद्यसुद्धा. हे नवे लोक मागे राहत. त्यांच्याकडे औषध नव्हतं, पाणी होतं आणि पेज होती. ‘तीस वर्षांच्या अनुभवाने सांगते, तापाच्या पेशंटला पाणी पाजणारं आणि कूस बदलून देणारं माणूस मिळालं तरी बरेच जण वाचतात. ताप उतरल्यावर माणूस डोळे उघडतो आणि उशाशी कोण बसलंय ते बघतो. पुढे तो कुणाचा देव मानेल, हे तेव्हाच ठरत असतं.’ हेच एक कारण होतं असं तिने म्हटलं नव्हतं. साम्राज्याचे रस्ते होते, सगळीकडे समजणारी ग्रीक भाषा होती, मरणानंतरच्या जीवनाची आशा होती, घराघरांतल्या बैठकी होत्या, जिथे गुलाम आणि मालक एका भाकरीचे तुकडे खात. बेवारशाला मूठमाती मिळत होती. आणि पुढे हाती सत्ता आल्यावर याच लोकांनी इतरांची दारं कशी बंद केली, हेही तिने सोडलं नव्हतं.

“नलिनी, वेळ झाली,” माधुरीताई पहिल्या रांगेतून हळूच म्हणाल्या.

“ताई, शोकसभेत मध्ये बोलत नाहीत,” मी माइकमधून म्हटलं.

मग ते पान आलं. ‘त्यांच्याकडे विधवांची यादी असे. कुणाच्या घरी जेवण पोचवायचं, त्याची यादी.’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा माधुरीताईंकडे बघून. दुसऱ्यांदा मला कुणाकडे बघता येईना, कारण आमची यादी माझ्या अक्षरात होती. तसं मी तिथेच, माइकवर सांगितलं. कोण कुणाचं नाव काढा म्हणालं, शटर कुणी ओढलं, पत्रावर सही कुणाची, सगळं. दोन मिनिटांची शांतता त्या दिवशी आपोआप झाली. चहा मार्जरीने दिला, आणि तो सगळ्यांना तिच्या हातून घ्यावा लागला.

बाहेर पडताना माधुरीताई म्हणाल्या, “मेलेल्या माणसाच्या आडून सूड घेतलास.” मी “हो” म्हटलं. मला लाज वाटली नाही. आजही वाटत नाही. सेक्रेटरीपद मी सोडलं आहे. या संक्रांतीला हळदीकुंकू माझ्या घरी आहे. मंडळाच्या जुन्या यादीतून गेल्या वीस वर्षांत जी जी नावं गळली, तेवढ्याच बायकांना आमंत्रण आहे.

पण परवा केतकी आली. इथेच वाढलेली पोर, मराठी अडखळत बोलते. पिशवीतून तिने माझ्या ओट्यावर डबा ठेवला. “नलूमावशी, हे तुमची डबा आहे ना? नाव आहे.”

माझ्या आईने कोरून घेतलेलं माझं नाव. मऊ भात नेला होता तोच डबा. मी तो विसरूनही गेले होते.

“आई एव्हरी जानेवारी ह्याच्यात तिळाचे लाडू भरायची,” केतकी म्हणाली. “रिकामं परत नाही देत, म्हणायची. नलू येईल बोलवायला, तेव्हा देईन. मग तुम्ही नाही आलात की फेब्रुवारीमध्ये आम्हीच खायचो. ह्या वर्षी फेब्रुवारीमध्ये ती हॉस्पिटलमध्ये होती, सो... ते तसंच आहे आत.”

दोन गल्ल्या. फक्त दोन गल्ल्यांचं अंतर होतं.

केतकी गेल्यावर मी झाकण काढलं. लाडू दगड झाले होते, वास मात्र होता. एक दाताखाली धरला आणि बराच वेळ तसाच धरून बसले, विरघळेपर्यंत. तिळगूळ घेतला, वसू. गोड मात्र बोलणार नाही. त्यांच्याशी नाही, आणि माझ्याशीही नाही.