हैबतरावांच्या द्राक्षांचं विरजण

लढाईत हैबतराव इटलीला जाऊन आले आणि येताना दोन गोष्टी घेऊन आले. एक बरगडीवरची गोळीची खूण, दुसरी द्राक्षाच्या दारूची गोष्ट. खूण ते कुणी मागितल्याशिवाय दाखवत नसत. गोष्ट न मागता सांगत.

"तितं थंडी अशी, की मिशीवर दव गोठतंय. आन तसल्या गारठ्यात डोंगरभर द्राक्षं! बाया-बापे पायानं तुडवत्यात, माठात मुरवत्यात. घोटभर घेतली की हाडं ऊन व्हत्यात. आपल्या मुळशीलाबी गारठा हाय. हितं का न्हाई व्हायची?"

गेणबा न्हावी वस्तरा घासत म्हणाला, "मुळशीला पाऊस हाय, हैबतराव. द्राक्षं न्हाईत, शेवाळ येईल."

"आन झाली दारू, तर?"

"तर जल्मभर तुमची दाढी फुकट. न्हाई झाली तर मिशी माझी."

मिशी साधी नव्हती. पार कानाला टेकलेली.

हैबतरावांनी नाशकाकडनं वेल आणली. चार पावसाळे तिच्यावर इरलं घालून जगवली. लांबून बघणाऱ्याला वाटे, यांच्या दारात कुणी बाई पावसाचं इरलं पांघरून भात लावायला वाकलीय. एकसष्टच्या शिमग्यानंतर दोन पाट्या द्राक्षं निघाली. हैबतरावांनी ती लाकडी काथवटीत तुडवली, रस माठात भरला आणि बायकोला बजावलं, "सारजे, ह्ये आपलं आपण विरजतंय. फकस्त लक्ष ठेव." मग भाचीच्या लग्नाला गेले.

तिसऱ्या दिवशी सारजाबाईंनी माठात डोकावलं. नुसता फेस. "विरजण न लावता कुटं विरजतंय व्हय? बाप्याला काय कळतंय!" म्हणत त्यांनी तांब्याभर ताक ओतलं. मग रोजच ओतत गेल्या.

हैबतराव परतले त्याच सकाळी पौडचे जमादार दारात. दारूबंदीचे दिवस, आणि हैबतरावांची गोष्ट तालुक्याला पाठ. मागं गेणबा, वस्तऱ्याची धोपटी काखेत.

"दारू पाडतायसा म्हणं?" जमादारांनी दरडावलं.

दारू निघाली तर तुरुंग, न निघाली तर मिशी. हैबतरावांनी छाती काढली. "व्हय साहेब! अस्सल दारू हाय. घाला बेड्या!"

जमादारांनी वाटीतनं घोट घेतला. त्यांचा एक डोळा मिटला आणि एक पाय आपोआप वर गेला.

"ह्ये तर आंबल्यालं ताक हाय."

"नीट चाखा की साहेब! गरिबाला धरा, पाया पडतो!"

जमादारांनी पुन्हा चाखलं. "बाई, ह्यात जिरं घातलंय का?"

"व्हय," सारजाबाई लाजून म्हणाल्या. "आन वाईच मीठ."

हैबतराव मटकन बसले. "सारजे, ताक घातलंस?"

"तुमीच म्हनला न्हवं, विरजतंय म्हनून!"

जमादार कुणालाच न धरता गेले. गेणबानं धोपटी सोडली. हैबतरावांनी डोळे गच्च मिटले. वस्तऱ्याचे चार हात फिरले आणि मिशी मांडीवर पडली.

सारजाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या, त्या एकदम थांबल्या. जवळ येऊन वाकून बघायला लागल्या.

"अगं बया! तुमच्या व्हटावर तीळ हाय की! अठरा वर्सं संसार केला, कदी सांगितलं न्हाई!"

हैबतरावांनी झटक्यात गेणबाचा आरसा ओढून घेतला. त्यांना तरी कुठं ठाऊक होतं!