काटकोन सरांचं चुकलेलं गणित

काटकोन सरांना मोकळी जागा दिसली की तिथे काटकोन त्रिकोण काढल्याशिवाय राहवत नसे. फळा ही त्यासाठीची हक्काची जागा. पण एसटीच्या धुळकट काचेवर, हॉटेलातल्या ओल्या टेबलावर, घरी बायकोने निवडायला घेतलेल्या तांदळाच्या ताटातसुद्धा त्यांचं बोट फिरायचं. एक आडवी रेघ, एक उभी आणि दोघींची टोकं जोडणारी तिरपी. पट्टी नाही, गुण्या नाही. वर्गातल्या एका संशयखोराने एकदा तास संपल्यावर फळ्यावरच्या कोनाला गुण्या लावून पाहिला आणि मुकाट्याने पेटीत परत ठेवला. सरांचं खरं आडनाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. शिपायापासून सगळे त्यांना काटकोन सर म्हणत आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

ही एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. नगरच्या एका कॉलेजात मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. सर आम्हाला कॅल्क्युलस शिकवत. ते मूळचे खर्ड्याचे, पण वर्गात इतकं धुतलेलं मराठी बोलत की आम्हाला ते पुण्याचेच वाटत. मुलांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत; गावं राहत. त्यामुळे हाक मारायची ती गावाच्या नावाने आणि तीही अहो-जाहो करून. "कोल्हार, फळ्यापाशी या." "घोडेगाव, झोप झाली असेल तर उत्तर सांगा." घोडेगाव म्हणजे मी. वर्षभर मी वर्गात एकटाच अख्खं गाव म्हणून वावरलो आणि गावाची अब्रू काही फारशी राखली नाही.

इंटिग्रेशनपर्यंत माझं बरं चाललं होतं. पण गणितात एक्स वर्ग वजा नऊ असं काहीतरी आलं आणि त्यावर वर्गमुळाचं छप्पर असलं, की आमची पेनं थांबत. सर म्हणत, "घाबरताय कशाला? ही त्रिकोणाची एक बाजू आहे, बाकी काही नाही." लगेच त्रिकोण. तिरप्या बाजूवर, म्हणजे कर्णावर, एक्स लिहायचे, पायावर तीन. मग उरलेल्या उभ्या बाजूची लांबी काढायला सांगायचे. काढली की तिथे नेमकं तेच वर्गमूळ येऊन बसे. आता एक्सच्या जागी तीन सेक थीटा लिहिलं की वर्गमूळ नाहीसं व्हायचं आणि त्या जागी साधं तीन टॅन थीटा उरायचं. छप्पर उडालेलं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला. गणिताने मला दिलेला आनंद जवळजवळ तेवढाच.

थीटावर मात्र सरांचा जीव नव्हता. "थीटा पाहुणा आहे. त्याच्याकडून काम करून घ्या आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून द्या. उत्तर एक्समध्येच पाहिजे." कोणी उत्तरात थीटा तसाच ठेवला की ते विचारत, "पाहुणे अजून मुक्कामालाच आहेत वाटतं?" मग त्या मुलाला मुकाट्याने त्रिकोणाकडे जाऊन थीटाचे परत एक्स करून आणावे लागत.

त्यांचा आणखी एक नियम होता. गणिताला हात घालण्याआधी उत्तर शून्याच्या वर येणार की खाली, ते सांगायचं. "किती येणार ते मागून बघू. कुठल्या बाजूला येणार ते तरी आधी कळू द्या." आम्हाला हा चावटपणा वाटायचा. उत्तर काढायला बसलोय तर ते येईलच की. पण सांगितल्याशिवाय खडू हातात मिळत नसे, म्हणून सांगायचो.

तिसरी गोष्ट अर्ध्या मार्कांची. सर ते देत नसत. रीत बरोबर असो, पायऱ्या बरोबर असोत, शेवटचं उत्तर चुकलं की शून्य. कोणी तक्रार केली तर म्हणत, "अर्धा पूल बांधून त्यावरून अर्धी एसटी न्याल का?" आम्ही मागे दात-ओठ खात असू, पण समोर मान हलवत असू.

वर्षाअखेरच्या परीक्षेचा पेपर सरांनीच काढला होता. पहिल्या वर्षाचे पेपर कॉलेजच काढायचं आणि तपासायचं. त्यात त्यांच्या आवडीचं एक गणित होतं. एक्स वर्ग वजा नऊचं वर्गमूळ, त्याला खाली एक्सने भागायचं आणि इंटिग्रेट करायचं. हे गणित बाजारातल्या प्रत्येक गाईडमध्ये तीन ते सहा या लिमिटांमध्ये सोडवलेलं होतं. आमच्या पेपरात लिमिटं होती वजा सहा ते वजा तीन. मी सवयीने आधी विचार केला. वर्गमूळ नेहमी धन. खाली एक्स वजा. धनाला वजाने भागलं तर वजा. म्हणजे उत्तर शून्याच्या खाली. मग त्रिकोण काढून सगळं रीतसर सोडवलं आणि उत्तर आलं शून्याच्या वर. तीन पायऱ्या मागे गेलो, परत आलो, तरी वर. वेळ संपत आला होता. मी सरळ अख्ख्या उत्तराला पुढे वजाचं चिन्ह चिकटवलं आणि पेपर दिला.

निकालात मी गणितात थोडक्यात गेलो. तेव्हा तपासलेले पेपर बघायला मिळत नसत आणि मलाही बघायचे नव्हते. हॉस्टेलची खोली सोडली, वळकटी घेतली आणि घरी आलो. माझे वडील, आबा, जनावरांचे व्यापारी. घोडेगावच्या बाजारात त्यांचा दबदबा होता. त्यांनी निकाल ऐकला आणि शांतपणे म्हणाले, "बरं झालं. हाताखाली मानूस पायजेच हुता." एका वाक्यात माझं कॉलेज संपलं. मला शिकायचं होतं, पण नापास झालेल्या मुलाने ते कोणत्या तोंडाने सांगायचं?

इकडे कॉलेज उघडलं. नवीन वर्षाच्या सुरुवातीला पास झालेल्या मुलांसमोर मागचा पेपर फळ्यावर सोडवून दाखवायचा, ही सरांची पद्धत. पुढचं सगळं मला कोल्हारने, म्हणजे कोल्हारहून येणाऱ्या माझ्या मित्राने सांगितलं. ते गणित आलं. सरांनी त्रिकोण काढला. कर्णावर एक्स लिहिलं. बाजूला लिहिलं, वजा सहा ते वजा तीन. आणि खडू तिथेच थांबला. कर्ण वजा तीन लांबीचा कसा असेल? सरांनी खडू खाली ठेवला. मग "उद्या" एवढंच म्हणाले आणि तास अर्धा उरला असताना निघून गेले.

झालं होतं असं. गाईड पाठ करणाऱ्या पोरांना अडकवायला सरांनी पेपर छापायला देता देता लिमिटं बदलली. त्रिकोण तोच, आकडे तेच, म्हणून उत्तरही तेच राहील असं धरून चालले. गणित पुन्हा सोडवलं नाही. त्यांचा त्रिकोण जन्मभर धन एक्सचा होता. वजा एक्स त्यात कधी शिरलाच नव्हता. त्यामुळे निम्म्या वर्गाला चुकीच्या उत्तराचे पूर्ण मार्क मिळाले होते आणि एकट्या माझ्या बरोबर उत्तराला मिळालं होतं शून्य. सरांनी तपासलेले पेपर पुन्हा काढून पाहिले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात हे सगळं सांगितलं. "तुमच्यातले बरेच जण माझ्या चुकीने पास झालेत," असं म्हटल्यावर मुलं हसली. सर हसले नाहीत.

ते प्रिन्सिपॉलकडे गेले. प्रिन्सिपॉलांचं म्हणणं सोपं होतं. लागलेला निकाल उघडला तर एक मुलगा पास होईल आणि काही नापास होतील, त्यांच्या घरचे दारात येतील, कॉलेजचं हसं होईल. सर म्हणाले, होऊ दे. प्रिन्सिपॉल म्हणाले, ते मी ठरवणार. निकाल काही बदलला नाही.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी सर घोडेगावला आले. त्या वर्षी पाऊस नव्हता, चारा नव्हता, लांबलांबच्या गावांतून जनावरं विकायला आली होती. त्या गर्दीत पांढरा शर्ट इन केलेला माणूस म्हणजे बडं गिऱ्हाईक. त्यातून पंचाईत अशी की माझं गाव सांगून उपयोग नव्हता. तिथे सगळेच घोडेगावचे. हजेरीपटातून माझं नाव त्यांनी पाठ करून आणलं होतं आणि तेच विचारत ते फिरत होते. एका दलालाने त्यांचा हात धरून त्यावर टॉवेल टाकला. बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, टॉवेलाखाली बोटं दाबून ठरवतात. सरांना हा पाहुणचार वाटला. त्यांनीही सभ्यपणाने बोटं दाबली आणि एक म्हैस जवळजवळ विकत घेतली. आरडाओरडा ऐकून मी आणि आबा तिकडे गेलो.

आबांनी म्हशीचा व्यवहार मिटवला आणि सरांना विचारलं, "कोन पायजे तुमाला?"

"दत्तात्रय. हाच. मी ह्याचा गणिताचा प्राध्यापक."

"त्यो नापास झाला. म्हनून आनला हितं."

"तो झाला नाही. मी केला. गणित त्याचं बरोबर होतं, माझं चुकलं."

आबा त्यांच्याकडे बैल पारखतात तसे बघत राहिले. "मंग पास करून टाका की."

"तेवढं माझ्या हातात राहिलं नाही. त्याला ऑक्टोबरमध्ये परत बसावं लागेल."

"म्हंजी चूक तुमची आन् परीक्षा ह्याची?"

"व्हय," सर म्हणाले. त्यांच्या तोंडून खर्ड्याची बोली मी पहिल्यांदा ऐकली.

मग तिथेच, जनावरांच्या पायांत, त्यांनी काडी घेऊन धुळीत त्रिकोण काढला आणि मला सांगायला लागले. वर्गमूळ काढताना तीन टॅन थीटा आला खरा, पण एक्स वजा असला की टॅनही वजा येतो, आणि वर्गमूळ तर वजा असूच शकत नाही. म्हणून तिथे चिन्ह फिरवायला हवं. "तुम्ही ते फिरवलंत," ते म्हणाले. मला खोटं बोलवेना. मी म्हणालो, "सर, मला हे काहीच कळलं नव्हतं. उत्तर खाली यायला पाहिजे होतं, म्हणून शेवटी वजा चिकटवला." सर काडी टाकून मोठ्याने हसले. "चिकटवला का होईना, खऱ्याच्या बाजूला चिकटवलात. मी तेही केलं नाही."

आबा सगळं ऐकत होते. म्हणाले, "येवढ्यासाठी आलात? पत्र टाकायचं हुतं एक."

"चूक मी करायची आणि सांगायला पोस्टमनने यायचं?"

आबांनी गुळाचा चहा सांगितला, तो झाला. सर एसटीकडे निघाले तेव्हा आबा मला म्हणाले, "जा. ऑक्टोबरपर्यंत. मंग बघू." पुढे बघायची वेळ त्यांनी कधी आणली नाही.

हॉस्टेलची खोली गेली होती. सरांनी मला माळीवाड्यातल्या आपल्या दोन खोल्यांत ठेवून घेतलं. काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, त्यांनी एवढंच सांगितलं असावं की घोडेगाव आलंय. त्या मला शेवटपर्यंत घोडेगावच म्हणत. सर सकाळी अंघोळीआधी एक गणित घालत आणि अंघोळीनंतर ते तपासत. लिमिटं दर वेळी वजा. ऑक्टोबरचा माझा पेपर तपासायला त्यांनी नकार दिला, कारण मी त्यांच्या घरी जेवत होतो. दुसऱ्या एका प्राध्यापकांनी तो तपासला. मी पास झालो. मार्क काही डोळे दिपवणारे नव्हते, सरांनी ते ऐकून "ठीक" म्हटलं.

त्या वर्षापासून सर अर्धे मार्क द्यायला लागले. कॉलेजात हे कोणाला पटेना. एकदा मी धीर करून कारण विचारलं. म्हणाले, "मला कुठे कोणी शून्य दिलं?" आणि पुढचा पेपर ओढला.

पुढे मी पदवी घेतली आणि बँकेत चिकटलो. त्यानंतर आजतागायत एकही इंटिग्रेशन केलेलं नाही, कोणी करायला सांगितलंही नाही. सर निवृत्त होऊन खर्ड्याला गेले. भेटायला जायचं, जायचं म्हणत राहिलो. एका उन्हाळ्यात ते गेल्याचं कोल्हारकडून कळलं. मला फार वाईट वाटलं. मी पोचलो तेव्हा दहावाही होऊन गेला होता. काकूंनी मला जेवायला वाढलं.

खर्ड्याहून परतताना घोडेगावला उतरलो. बाजाराचा दिवस होता. आबा थकले होते, पण बाजार सोडला नव्हता. एक खिलारी बैल त्यांनी उभा केला होता, देखणा. श्रीगोंद्याकडचा एक शेतकरी टॉवेलाखाली त्यांच्या बोटांशी झगडत होता. भाव ठरला. चेहऱ्यावरून चांगला ठरला होता. आबांनी हात बाहेर काढला आणि म्हणाले, "थांबा पावनं. ह्यो दिसतो लई झ्याक, पर उन्हाचा नांगराला बसतो. मारलं तरी उठत न्हाई. पायजे का आता?"

शेतकऱ्याने बैलाकडे बघितलं, आबांकडे बघितलं आणि टॉवेल खांद्यावर टाकून निघून गेला. मी लहानपणापासून या माणसाला बाजारात बघत आलो होतो. जनावराची खोड त्याने कधी गिऱ्हाइकाला सांगितली नव्हती. ती शोधून काढणं हे गिऱ्हाइकाचं काम, असं तो मानायचा. मी विचारलं, "आबा, हे कधीपासून?"

आबा दाव्याची गाठ सोडत होते. "तुजं मास्तर यष्टी करून नगरहून आलं हुतं," ते म्हणाले. "मला तर निस्तं त्वांड उघडायचं असतं."

आणि बैलाला पाणी दाखवायला घेऊन गेले.