बासष्ट नंबरची जर्सी

ऑर्डवेलची शाळा मे महिन्यात कायमची बंद होणार हे नक्की झालं, तेव्हा फुटबॉलच्या जुन्या जर्सी वाटायचं काम इर्मा कुचेराकडे आलं. येणारच. शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सांभाळून सोळा वर्षं दर शनिवारी तिनेच त्या धुतल्या होत्या. नेब्रास्कातल्या त्या गावात शुक्रवारी संध्याकाळी दुकानांना कुलपं लागत आणि झाडून सारं गाव मैदानावर जमे. चेंडू काखेत मारून धावणारी ती पोरं म्हणजे गावाची शान. आता उरलेली मुलं हॅस्केटच्या शाळेत जाणार होती. ज्या हॅस्केटला गावाने जन्मभर शिव्या घातल्या, तिथे.

नियम इर्मानेच केला होता. ज्याने जो नंबर घातला त्याने स्वतः यायचं; एकच नंबर अनेकांनी घातला असेल तर जो आधी येईल त्याला मिळेल. बर्निस आपल्या मुलाची जर्सी मागायला आली.

"अगं, माझा गॅरी अलास्कात आहे. त्याची मी नेते ना."

"येऊ दे की त्याला. विमानं बंद पडलीत का? आज तुला दिली तर उद्या सगळ्या आया दारात उभ्या राहतील."

बर्निस तोंड पाडून गेली.

बासष्ट नंबर इर्माच्या मुलाचा, डॅरेलचा होता. शाळेच्या शेवटच्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात तो मक्याच्या कोठीत उतरला आणि मक्याखालीच गाडला गेला. त्यानंतर सात हंगाम प्रशिक्षक स्टट्झमन यांनी तो नंबर कुणाला दिला नाही. कुणी न घातलेली ती जर्सी इर्मा मात्र दर शनिवारी बाकीच्यांबरोबर धूत राहिली.

कुणी कुठला नंबर घातला त्या यादीत बासष्टपुढे तीन नावं होती. एकाने येत नसल्याचं कळवलं होतं. दुसरा लॉनी वीझ. आईबापांनी शेत विकलं त्यानंतर चौदा वर्षं तो गावात फिरकला नव्हता. तिसरा डॅरेल. वाटप चारला संपायचं आणि उरलेल्या जर्सी कुणीही न्यायच्या. तेव्हा आपण उचलू, असं इर्माने ठरवलं. आधीच बाजूला ठेवायला तिचा हात धजेना. बर्निसला नाही म्हटल्यावर स्वतःसाठी कुठल्या तोंडाने ठेवणार?

पावणेचारला एक जाडसर माणूस धापा टाकत आला.

"मिसेस कुचेरा! ओळखलंत? दुसऱ्यांदा बटाटे मागणारा लॉनी!"

"तिसऱ्यांदा," इर्मा म्हणाली.

"बासष्ट आहे ना? अकरा तास गाडी हाकत आलोय."

तिने घडी केलेली जर्सी त्याच्या हातात दिली. त्याने ती पोटावरून ओढूनताणून चढवली आणि स्वतःलाच हसला. मग कोपराशी त्याचं बोट थांबलं.

"हे माझ्या वेळी फाटलेलं नव्हतं. शिवलं कुणी? टाका दिसतसुद्धा नाही."

"मी."

"माझ्यानंतर कोण घालायचा ही?"

एक शब्द बोलली असती तर त्याने तिथल्या तिथे उतरवून दिली असती. पोरगा मनाचा चांगलाच होता.

"होता एक मुलगा. छान खेळायचा," ती म्हणाली. "निघ आता, लांब जायचंय तुला."

चार वाजून गेल्यावर स्टट्झमन खुर्च्या आवरायला आले.

"इर्मा, डॅरेलची तू केव्हाच घरी नेली असशील. मी गावात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, बासष्ट कुणी मागायची नाही."

"हो, नेली," इर्मा म्हणाली आणि रिकामं खोकं उचलायला खाली वाकली. बराच वेळ ती तशीच वाकलेली राहिली.